जमीन सपाट करून घेताना

भोर आणि वेल्ह्याच्या बाजूला सपाट जमीन थोडी. डोंगर, उतार आणि ओढे यांचाच हा मुलूख. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. १९२० ते १९३० या काळात ते बांधून पुरे झाले. तेव्हा त्याला लॉइड धरण म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. या धरणाचे पाणी खोऱ्यात पसरले, तशी नदीकाठची चांगली भातशेती पाण्याखाली गेली. माणसे वर उताराला सरकली. तेव्हापासून उतार फोडायचा, ताल घालायची आणि खाचर तयार करायचे, हे काम इथल्या लोकांच्या पाचवीला पुजलेले आहे.

पूर्वी हे काम कुदळ, फावडे आणि पाटी यांनी होई. घरची माणसे, शेजारी आणि वडार मंडळी मिळून उन्हाळाभर माती हलवत. आता जेसीबी आणि पोकलेन आले. सहा महिन्यांचे काम सहा दिवसांत होते. कोणाला नवे खाचर करायचे असते, कोणाला घरासाठी जागा सपाट करायची असते, कोणाला गोठ्यापुढचे अंगण नीट करायचे असते. गावातला किंवा शेजारच्या गावातला ठेकेदार मशीन घेऊन येतो, काम करतो, पैसे घेतो आणि जातो.

यंत्र आले हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कुदळीने चूक झाली तर दोन पाट्या मातीची होते. मशीनने चूक झाली तर सगळ्या शेताची होते. म्हणून काम द्यायचे ते विचार करून, माप घेऊन आणि कागदावर लिहून द्यावे. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. त्या शिक्षणाचा उपयोग इथे करायचा.

भीड नको

ठेकेदार जवळचा असावा, हे आमचेही मत आहे. त्याला इथली माती ठाऊक असते. कुठे दोन हातांवर काळा खडक लागतो, कुठे पावसाळ्यात झरा फुटतो, हे त्याला सांगावे लागत नाही. मशीन लांबून आणण्याचा खर्च वाचतो. काम बिघडले तर तो उद्या भेटतोही.

पण जवळच्या माणसापुढे भीड पडते. तो म्हणतो, "आबा, काळजी कशाला? घरचंच काम समजा. पैशाचं मागनं बघू." आबा गप्प बसतात. घरच्या माणसाला कागद कसा मागायचा? मग काम संपल्यावर तो एक आकडा सांगतो, आबांच्या मनात दुसराच असतो. बोलाचाली होते. पैसे जातात आणि शेजारही जातो. भीड भिकेची बहीण, असे आपल्यात म्हणतात ते खोटे नाही.

कागद हा अविश्वासाचा नसतो. तो आठवणीचा असतो. तुम्ही काय सांगितले होते आणि त्याने काय कबूल केले होते, ते कागद विसरत नाही. ठेकेदाराचेही त्यात हित आहे. त्याचे पैसे बुडत नाहीत, आणि नसलेले काम त्याच्या अंगावर पडत नाही.

मशीन येण्याआधी

पहिली गोष्ट हद्दीची. आपली जमीन कुठे संपते ते नक्की ठाऊक पाहिजे. शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करावा. हद्दीचे दगड मशीनखाली जाऊ देऊ नयेत. ते हलवणे किंवा मोडणे यासाठी कायद्याने दंड होतो. शेजाऱ्याला आधी सांगावे. त्याच्या देखत चुन्याची रेघ मारावी. बांधावरून झालेली भांडणे बापाकडून मुलाकडे जातात. चुन्याची रेघ त्या मानाने फार स्वस्त.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. उतारा काढा आणि स्वतः वाचा. "इतर हक्क" या सदरात वनाची किंवा दुसरी काही नोंद आहे का ते पाहा. वनजमिनीवर मशीन लावता येत नाही. धरणाच्या काठाला असाल तर आणखी एक पाहावे लागते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि जमीन उघडी पडते. ती उघडी पडली म्हणून आपली होत नाही. धरणासाठी संपादन केलेली जमीन सरकारची असते. तिथे गाळपेर करायची तरी परवानगी लागते. मग उकरणे आणि भराव टाकणे दूरच राहिले.

तिसरी गोष्ट झाडांची. झुडपे आणि घाणेरी काढली तर कोणी विचारत नाही. पण झाडांसाठी महाराष्ट्रात १९६४ सालचा कायदा आहे. हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, साग, ऐन, खैर, किंजळ अशी झाडे त्याच्या यादीत आहेत. ती आपल्या रानात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. मशीनवाला एका धक्क्याने झाड आडवे करतो. जाब मात्र जमिनीच्या मालकाला द्यावा लागतो. म्हणून राखायच्या झाडांना आधीच चुन्याचा पट्टा ओढावा.

चौथी गोष्ट माती-मुरुमाची. जमीन आपली असली तरी तिच्यातला मुरूम हा गौण खनिज समजला जातो. आपल्याच जागेतली माती काढून त्याच जागेत सपाटीला वापरली, तर स्वामित्वधन माफ असते, असा नियम आहे. स्वामित्वधन म्हणजे सरकारला द्यायची रक्कम. पण माती किंवा मुरूम ट्रॉलीत भरून बाहेर गेला, की तहसीलदाराची परवानगी लागते. परवानगी नसेल तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होते. ठेकेदार म्हणाला, "मुरूम मी नेतो, मशीनचं भाडं कमी करतो," तर लगेच हो म्हणू नका. आधी तलाठ्याकडे जा. कागदोपत्री त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांना विचारा आणि सांगतील ते लिहून घ्या.

माती मापायची कशी?

मातीचे माप ब्रास. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजा. तिन्हींचा गुणाकार करा. १०० ने भागा. झाले ब्रास.

एक गुंठा जागा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. म्हणजे १,०८९ चौरस फूट. तिच्यातली फक्त १ फूट माती काढली तरी १,०८९ घनफूट, म्हणजे जवळजवळ ११ ब्रास होते. "थोडीशी माती काढू" असे कोणी म्हणाले, तर हा हिशेब आठवावा.

आता उताराचा हिशेब पाहा. समजा, जागा उताराच्या दिशेने ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ४ फुटांचा उतार आहे. ही जागा दोन रीतींनी सपाट करता येते.

पहिली रीत अशी. सगळी जागा खालच्या कडेच्या पातळीला आणायची. मग वरच्या कडेला ४ फूट खोदावे लागते आणि खालच्या कडेला काहीच नाही. सरासरी खोली २ फूट. ४० गुणिले ३० गुणिले २, म्हणजे २,४०० घनफूट. २४ ब्रास माती काढायची आणि ती कुठेतरी नेऊन टाकायची.

दुसरी रीत अशी. मधली पातळी धरायची. वरच्या अर्ध्यातली माती काढायची आणि खालच्या अर्ध्यात भरायची. आता २० फूट लांबीतच खोदायचे. वरच्या कडेला २ फूट, मध्यावर शून्य. सरासरी १ फूट. २० गुणिले ३० गुणिले १, म्हणजे ६०० घनफूट. फक्त ६ ब्रास. बाहेर काही न्यायला नको.

पाहिलेत? जागा तीच, पण खोदाई एकचतुर्थांशावर आली. हा हिशेब तुम्ही केला नाही, तर ठेकेदाराने का करावा? त्याचे मशीन जितके चालेल तितके त्याचे भाडे.

मात्र दुसऱ्या रीतीत खालचा अर्धा भाग भरावाचा असतो. ती माती पोकळ असते. ती सहा-सहा, नऊ-नऊ इंचांच्या थरांनी टाकावी, पाणी मारावे आणि धुम्मसने चोपावी. त्या भरावावर लगेच घराची भिंत उभी करू नये. घराचा पाया नेहमी मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत न्यावा.

आणखी एक गोष्ट. खोदलेली माती फुगते. खड्ड्यातली ४ ब्रास माती ट्रॉलीत भरली, की ५ ब्रासच्या आसपास भरते. म्हणून माप खड्ड्याचे धरायचे की ट्रॉलीचे, हे आधी ठरवावे. ट्रॉलीचे धरायचे तर ट्रॉली स्वतः मोजावी. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच ट्रॉलीत ९० घनफूट माती मावते. तिला पुरी ब्रास म्हणता येत नाही.

खड्ड्याचे माप घ्यायची एक जुनी युक्ती आहे. खोदताना मधूनमधून मूळ जमिनीचा एकेक खुंट तसाच उभा ठेवायचा. जमीन आधी किती उंच होती, ते हे खुंट सांगतात. त्यांची उंची मोजली की खोली कळते. माप झाल्यावर खुंट काढून टाकायचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे सरकारी कामांवर माती खोदत होती. पुढे रोजगार हमीची कामे आली. तिथेही मजुरी ठरे ती खोदलेल्या मातीच्या मापावर, आणि ते माप वहीत लिहिले जाई. सरकार मापाशिवाय पैसे देत नाही. मग आपण का द्यावेत?

तासावर, मापावर की उक्ते?

काम तीन तऱ्हांनी देता येते.

तासावर दिले तर जितके तास मशीन चालेल तितके पैसे. मशीनमध्ये तासांचा मीटर असतो. काम सुरू होताना आणि थांबताना त्यावरचा आकडा स्वतः वाचून वहीत लिहावा. समजा, सकाळी २४१५.३ होता आणि संध्याकाळी २४२१.८ झाला. वजाबाकी ६.५. म्हणजे साडेसहा तास. टिंबानंतरचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो. १ म्हणजे ६ मिनिटे, ५ म्हणजे ३० मिनिटे. जेवणाच्या वेळी मशीन बंद ठेवायला सांगावे. मशीन येण्या-जाण्याचा वेळ कोणाच्या अंगावर, तेही आधीच बोलून घ्यावे. झुडपे काढणे, दगड बाजूला करणे अशा कामांचे माप नीट घेता येत नाही. ती तासावर द्यावीत.

मापावर दिले तर ब्रासला अमुक रुपये. मशीन सावकाश चालो की भरभर, तुमचे पैसे वाढत नाहीत. खोदाई आणि भराव यांना ही रीत चांगली. पण दर ठरवताना मातीचा, मुरुमाचा आणि खडकाचा दर वेगळा लिहावा. खडक लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि तो महाग पडतो. खडक लागल्यावर ठेकेदाराने काम थांबवायचे आणि तुम्हाला दाखवून मग पुढे जायचे, अशी अट घालावी.

उक्ते दिले तर सगळ्या कामाची एकच रक्कम. हे सोपे वाटते. पण "सगळे काम" म्हणजे काय, ते लिहिलेले पाहिजे. नाहीतर माती ढिगात पडून राहते आणि मशीन निघून जाते.

दर विचारताना एकावर थांबू नका. दोघा-तिघांना जागेवर बोलवा. सगळ्यांना काम एकसारखे सांगा. त्यांनी याआधी केलेले एखादे काम पाहून या. ते पावसाळ्यानंतर पाहिलेत तर फार बरे. पाणी कुठे साचले, ताल कुठे फुटली, ते तिथे दिसते.

वरची माती आणि पाण्याची वाट

पैसा पुन्हा मिळवता येतो. दोन गोष्टी मात्र एकदा गेल्या की परत मिळणे कठीण.

पहिली म्हणजे वरची माती. आपल्याकडे उतारावर मातीचा थर पातळ असतो. खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. पीक येते ते वरच्या सहा-नऊ इंचांवर. मशीन ती माती खाली दाबते आणि मुरूम वर आणते. मग खाचर दिसायला सपाट होते, पण भात खुरटे राहते. म्हणून आधी वरची माती खरवडून एका बाजूला ढीग करावा. मग खालचा मुरूम सपाट करावा. शेवटी ती माती परत पसरावी. यात मशीनचे थोडे तास वाढतात. ते द्यावेत. मोकळी उघडी माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते आणि ओढ्यातून धरणात. आपले शेत उघडे पडते आणि धरणात गाळ साठतो.

दुसरी गोष्ट पाण्याची वाट. डोंगरावरून येणारे पाणी शेकडो वर्षांच्या वाटेने येते. त्या ओहोळात माती टाकून ती वाट बुजवू नका. वरच्या अंगाला चर काढा आणि पाणी बाजूने न्या. उताराच्या पायथ्याला उभी भिंत राहील असे खोदू नका. ते पायऱ्या-पायऱ्यांनी आणि थोडे तिरपे खोदावे. वर कोणाचे घर असेल, तर जाणकार इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मशीन लावू नये.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. फार मोठा पाऊस झाला होता. मात्र उतारावर झालेले सपाटीकरण आणि पाण्याच्या अडलेल्या वाटा, यांचाही त्यात वाटा असावा, असे काही अभ्यासकांनी म्हटले. डोंगराशी काम करताना घाई करू नये, एवढे तरी आपण त्यावरून शिकावे.

काम दिवाळीनंतर भात निघाल्यावर ठरवावे आणि मेच्या मध्यापर्यंत उरकावे. मेच्या शेवटी सगळ्यांनाच मशीन हवे असते. तेव्हा दर चढतो आणि काम घाईचे होते.

कामाची चिठ्ठी

आता कागद कसा लिहायचा ते पाहू. फार कायद्याची भाषा नको. आपण बोलतो तसेच लिहावे. नमुना खाली देतो. आकडे समजण्यापुरते आहेत.

*कामाची चिठ्ठी*

*तारीख :*
*काम देणाऱ्याचे नाव व गाव :*
*काम घेणाऱ्याचे नाव व गाव :*
*जागा : गट नंबर ...., लांबी ४० फूट, रुंदी ३० फूट. हद्द चुन्याने दाखवली आहे.*
*काम : १. झुडपे काढणे. पट्टा ओढलेली झाडे राखणे. २. वरची ९ इंच माती बाजूला ठेवणे. ३. मधली पातळी धरून जागा सपाट करणे. ४. भराव थरांनी टाकून चोपणे. ५. वरच्या अंगाला चर काढणे. ६. बाजूला ठेवलेली माती परत पसरणे.*
*दर : माती ब्रासला .... रुपये. मुरूम ब्रासला .... रुपये. माप खड्ड्याचे धरायचे. झुडपे काढणे तासाला .... रुपये.*
*खडक लागल्यास दाखवून, दर ठरवून मगच काढणे.*
*डिझेल व चालकाचा खर्च : काम घेणाऱ्याकडे.*
*मुदत : .... तारखेस सुरू, .... तारखेस पुरे.*
*पैसे : सुरुवातीला चौथा हिस्सा. माप झाल्यावर अर्धे. उरलेला चौथा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर, काम टिकलेले पाहून.*
*दोघांच्या सह्या :*
*दोन साक्षीदारांच्या सह्या :*

या चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात. एक आपल्याजवळ, एक ठेकेदाराजवळ. दर वेळी पैसे दिले की मागे तारीख आणि रक्कम लिहून त्याची सही घ्यावी. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहावी. रिकाम्या जागा सही करण्याआधी भराव्यात. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये. "तुम्ही सही करा, मी मागनं भरतो," असे कोणी म्हणाले, तर पेन खाली ठेवावे.

पावसापर्यंत चौथा हिस्सा राखायचा तो ठेकेदाराला अडवण्यासाठी नाही. मातीच्या कामाची परीक्षा पाऊसच घेतो. काम टिकले तर उरलेले पैसे त्याच दिवशी, न मागता द्यावेत. पुढच्या वर्षी तोच ठेकेदार तुमच्याकडे आधी येईल.

मशीन चालू असताना घरातले एक माणूस जागेवर असावे. पोरांना आणि गुरांना लांब ठेवावे. वरून विजेची तार जात असेल तर चालकाला आधी दाखवावी. खोल खड्ड्याच्या काठाशी कोणी बसू नये, आणि त्याच्या बाजू सरळ उभ्या ठेवू नयेत.

पूर्वी अंगठा उठवला की दुसऱ्याने लिहिलेले आपल्याला मान्य करावे लागे. आता तुम्ही वाचता, लिहिता आणि हिशेब करता. म्हणून शेवटी एक हिशेब तुमच्यासाठी देतो. जागा उताराच्या दिशेने ५० फूट लांब आहे, २० फूट रुंद आहे, आणि उतार ३ फुटांचा आहे. मधली पातळी धरली तर किती ब्रास माती खोदावी लागेल? पाटीवर करून पाहा. पावणेचार ब्रास आले, तर मशीन बोलवायला हरकत नाही.